आज कोणाला मारू?

१४ जानेवारी २०२२, शुक्रवार

उठली! बंदी उठली! येत्या २४ तारखेपासून व्हिडिओ हॉल उघडायला परवानगी, असं रेडिओवर सांगितलं. मी स्टेशनं बदलून बदलून तीच बातमी ऐकली, कारण गेल्या दोन वर्षांत या रेडिओने मला इतक्यांदा फसवलंय की त्याच्यावर माझा काडीचा विश्वास उरलेला नाही. बायको म्हणाली, "स्टेशन बदललं की बातमी बदलते का?" तिला काय कळणार? बोलायचा धंदा माझा आहे, तिचा नाही.

नवी वही आहे, म्हणून रीतीप्रमाणे नाव लिहून ठेवतो. एरास्टो सेमाम्बो. पण आमच्यात जुळी झाली की बाप सालोंगो आणि आई नालोंगो होते, त्यामुळे सगळा कालेर्वे बाजार मला सालोंगोच म्हणतो. खरं नाव फक्त पोलीस घेतात. धंदा, व्हीजे. नातवंडांनी कधी वाचलं तर कळावं म्हणून लिहितो: परदेशी सिनेमा चालू असताना पडद्याच्या बाजूला माईक घेऊन उभं राहायचं आणि तो आपल्या लुगांडात सांगायचा. नुसता सांगितला तर ते शाळेचं पुस्तक झालं. त्यात आपल्या पदरचं घालायचं. गोरा पोलीस पळाला की तो कालेर्वेच्या भाजी मंडईतून पळाला पाहिजे, आणि पळता पळता कोणाची तरी टोमॅटोची पाटी उलथली पाहिजे.

दोन वर्षं हे तोंड बंद होतं. ते सगळं बोलणं या वह्यांत सांडलंय. आता पुरे. आता माईक!

१७ जानेवारी

दिवसभर हॉल साफ केला. पत्र्याला गंज, बाकांना वाळवी, पडद्यामागे उंदरांचं आख्खं कुटुंब. जनरेटर सुरू होईना. किराबिरा असता तर एक लाथ घालून सुरू केला असता. नेमकी कुठे लाथ घालायची ते न सांगताच जुलैत गेला. पंधरा वर्षं प्रोजेक्टर आणि जनरेटर त्याच्या हातात होते, एवढी एक गोष्ट सांगून ठेवायला काय झालं होतं? बेजबाबदार माणूस. मी चारही बाजूंनी लाथा घातल्या. पाय सुजला आहे.

संध्याकाळी जागेचे मालक हाजी कायोंगो आले. छत्रीच्या टोकाने बाक टोचून बघत म्हणाले, "सालोंगो, किती दिवस या पत्र्यांवर जीव लावून बसणार आहेस? सट्ट्याच्या दुकानवाले माझ्या दारात उभे आहेत. टीव्ही लावतात, फुटबॉल दाखवतात, वर लोकांना पैसे लावू देतात. तुझ्याकडे आता कोण येणार?"

"सगळे येतील, हाजी. दोन वर्षांची भूक आहे."

"भूक असेल. पण आता लोक घरी जेवायला शिकलेत." जाताना म्हणाले, "मार्चअखेरपर्यंत हॉल एकदा भरून दाखव. नाही भरला तर किल्ली आणून दे. तक्रार करायची नाही."

मी म्हटलं, "मार्च कशाला, पहिल्याच दिवशी दाखवतो." नालोंगो बाहेर मोगोच्या कंदाचे काप तळत होती. तिने झाऱ्या आपटला. तिला माझं असं बोलणं आवडत नाही.

२४ जानेवारी

लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

मागचे बाक सगळे रिकामे. पुढे थोडे लोक होते, तेही एकमेकांपासून लांब बसलेले, नाकावर मास्क. ठीक आहे, म्हटलं, सुरुवात आहे. मी माईक घेतला आणि आमची जुनी हाळी दिली, "आज कोणाला मारू?"

हे आमच्या हॉलचं खास होतं. सिनेमात पहिल्यांदा जो मरेल त्याला बाकावरच्या कोणाचं तरी नाव द्यायचं. लोक भांडायचे त्यासाठी! "मला मार, सालोंगो! गेल्या शनिवारी पण त्यालाच मारलंस!" जो मेला त्याने आख्ख्या बाकाला शेंगदाणे द्यायचे. दुसऱ्या दिवशी बाजारात एकच चर्चा, काल कोण मेलं? आणि मेलेला ऐटीत सांगायचा, मी मेलो, पण सहा जणांना घेऊन मेलो. बोडावाला, म्हणजे भाड्याने सवारी नेणारा, वालुगेम्बे तर इतक्यांदा मेलाय की त्याची मोटरसायकल दाराशी लागली की नालोंगो शेंगदाण्याच्या पुड्या बांधायला घ्यायची.

आज कोणी हात वर केला नाही. मला वाटलं, दोन वर्षांनी लाजतायत. पहिल्या बाकावर शिंपी मुकवाया होता. म्हटलं, चला, आज मुकवाया! तिसऱ्याच मिनिटाला पडद्यावरचा मुकवाया छातीत गोळी लागून पडला आणि मी ठेवणीतला आवाज काढला, "गेला! मुकवाया गेला! ज्यांनी पँट शिवायला दिलीय त्यांनी आपापली पँट घेऊन जा!" या वाक्यावर पूर्वी पत्रे उडाले असते. आज जनरेटरचा आवाज ऐकू येत होता. मुकवाया उठला, टोपी घातली आणि बाहेर गेला. मला वाटलं लघवीला गेला असेल. परत आलाच नाही.

२५ जानेवारी

मुकवायाला दुकानात गाठलं. म्हणाला, काम आठवलं. खोटं बोलतोय. जूनमध्ये हा इस्पितळात नळी लावून पडला होता, तेव्हापासून माणूस मऊ झालाय. मी म्हटलं, "हॉलमध्ये येऊन मोठ्याने हसत जा, फुफ्फुसं मोकळी होतात." तो मशीन चालवत राहिला.

३० जानेवारी

शत्रू सापडला! शत्रू मीच आहे.

नाक्यावर डाम्बाचं दुकान आहे. मोबाईलमध्ये, पेनड्राइव्हमध्ये सिनेमे भरून देतो. टाळेबंदीत पोट कसं भरायचं म्हणून मीच त्याच्याकडे बसून कितीतरी सिनेमे बोलून दिले होते. आज दुकानासमोर उभा होतो तर एक भाजीवाली मोबाईल कानाशी धरून हसतेय आणि आतून आवाज कोणाचा? माझा!

डाम्बा म्हणाला, "सालोंगो, तुमचा माल सगळ्यात जास्त जातो. त्यातही तो पुलाचा सिनेमा. कालेर्वेत असं घर नाही जिथे तो नाही."

"मग माझ्या हॉलमध्ये का येत नाहीत हे लोक?"

"कशाला येतील? घरी पाय पसरून बघतात. मधेच थांबवतात, भाजी ढवळून येतात, पुन्हा लावतात."

सिनेमा थांबवायचा! सिनेमा काय शेगडीवरचं भांडं आहे, उतरवून ठेवायला? मला इतका राग आला की मी त्याचा चहा न पिता आलो. आणि तो माल तरी काय? अळणी. तो मसाकापासून गुलूपर्यंत विकला जातो, तिथे मुकवाया कोणाला माहीत, म्हणून डाम्बाने मला एकही नाव घेऊ दिलं नव्हतं. त्या सिनेमांत माणसं मरतात ती बिननावाची मरतात. आणि लोकांना हेच गोड लागतं? तोंडाची चव गेलीय लोकांची. आजारात सगळ्यांची गेली होती, यांची परत आलेली दिसत नाही.

६ फेब्रुवारी

ठरवलं. लोकांना भीती वाटते ना? भीती काढून टाकू. दोन्ही बाजूंचे पत्रे कापून खिडक्या केल्या. हाताला दोन ठिकाणी टाके. दाराशी पाण्याचा जेरीकॅन आणि साबण. बाक लांब लांब सरकवले. वाऱ्याने पडदा फडफडतो, त्याला खालून दगड बांधले. हे काम किराबिराचं होतं, पण असो. हॉल असा झालाय की मंत्र्याला बसवावं. नालोंगो बघून "छान" म्हणाली, पण आत पाऊल टाकलं नाही. दारातूनच म्हणाली. उघडल्यापासून ती एकदाही आत आलेली नाही. तेल तापलंय म्हणते. रोज तापतं?

१२ फेब्रुवारी

मंडईतल्या बायका आल्या! एकदम दोन बाक भरले. मी खूश. कौटुंबिक सिनेमा लावला. त्यात एक म्हातारी मरते. मी तिला नाव दिलं जज्जा तेओपिस्ता, कारण मंडईत केळी विकणारी ही जज्जा, म्हणजे आजी, या बायकांची लाडकी, आणि पूर्वी तिला मारलं की या बायका गुदगुल्या केल्यासारख्या हसायच्या. स्वतः जज्जाही हसायची. आज ती आली नव्हती. म्हातारीने डोळे मिटले तसं मी म्हटलं, "जज्जा तेओपिस्ता गेली! केळी निम्म्या भावात!"

दोन्ही बाक उठले. एकीने जाताना छातीवर क्रॉसची खूण केली.

खिडक्यांचा वारा लागला असणार. उद्या ताडपत्री लावतो.

२० फेब्रुवारी

नालोंगोशी भांडण झालं. सुरुवात ताडपत्रीवरून झाली. "वारा वारा काय करताय?" म्हणाली. "तुम्ही नावं घेणं बंद करा."

मी म्हटलं, "नाव म्हणजे माझ्या धंद्याचं मीठ आहे. मीठच काढलं तर डाम्बाच्या दुकानात आणि माझ्यात फरक काय?"

"मीठ आहे ते माहीत आहे. कुठे चोळताय ते बघा."

आणि पिठाचे हात धुवायला निघून गेली. स्वयंपाकघरातलं काहीतरी बोलली की आपण जिंकलो असं तिला वाटतं. मी तिच्यामागे जाऊन म्हटलं, तुला माझ्या हॉलचा कंटाळा आलाय, सरळ सांग. ती म्हणाली, "कंटाळा आला असता तर दोन वर्षं तुमचा माईक पुसून ठेवला नसता." हे मला माहीतच नव्हतं. मी ताडपत्री ओढायला निघून गेलो, पण हरलो नाही.

३ मार्च

सट्टेवाले आले होते. दोन पोरगेलेसे इसम, टोकदार बूट. हाजींसमोर माझा पडदा बाजूला करून भिंत मोजली. किती टीव्ही बसतील त्याचा हिशोब करत होते. एक मला म्हणाला, "अंकल, तुमचा आवाज चांगला आहे, आमच्याकडे दाराशी उभं राहून गिऱ्हाईक बोलवाल का?"

मी त्याला काय सांगितलं ते इथे लिहीत नाही, नातवंडं वाचतील.

मी हार मानणार नाही. या हॉलमध्ये माझा आवाज घडला. इथे मी पहिल्यांदा माईक धरला तेव्हा नुसता पडद्याकडे बघत होतो आणि मागून किराबिरा ओरडला होता, "बोल रे, गाढवा, ऐकतोय आम्ही!" इथे टीव्ही लागणार नाहीत. मी पुलाचाच सिनेमा लावणार. हो, सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलाय. म्हणूनच! घरातल्या वीतभर पडद्यावर पाहिलेला पूल या भिंतीवर बघू दे, माझ्या जिवंत आवाजात ऐकू दे, मग सांगा कुठलं गोड लागतं. पुलावर म्हातारे शिपाई आहेत, पलीकडून शत्रू येतोय, आणि गाव रिकामं होईपर्यंत यांनी पूल अडवायचाय. एकेक करून सगळे मरतात. मरायला इतकी माणसं असलेला सिनेमा दुसरा नाही. आख्ख्या कालेर्वेची नावं बसतील.

नालोंगोला सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावते.

१२ मार्च

घरोघर आमंत्रण द्यायला निघालो. निवडणुकीला उभा असल्यासारखा. सगळे म्हणतात, "येऊ हं, सालोंगो," आणि "येऊ हं"चा अर्थ मला कळतो.

वालुगेम्बेच्या घरी गेलो. अंगणात त्याची मोटरसायकल उभी आहे, वर कापड. त्याची बायको नाकिट्टो कपडे वाळत घालत होती. किती दिवसांनी भेट, म्हणून मी जरा हसतखेळत म्हटलं, "नाकिट्टो, तुझा नवरा माझ्या हातून किती वेळा मेला असेल ग?"

तिच्या हातातला सदरा तसाच राहिला. मग म्हणाली, "पुष्कळदा मेला, सालोंगो. तुमच्याकडे मरायचा तेव्हा आख्खा हॉल ओरडायचा. घरी येऊन मला करून दाखवायचा, कसा पडलो ते. जूनमध्ये खरंच मेला तेव्हा कोणी नव्हतं. मीसुद्धा नव्हते. पांढरे कपडे घातलेली माणसं आली, पिशवीत घातलं, गावाकडे नेलं. फोनवर म्हणाले, पुरला. मी ओरडायला लागले तर शेजारच्या बाईने खिडकीतून खूण केली, ओरडू नकोस, पोलीस येतील."

माझी जीभ अडखळत नाही, पण अडखळली. शेवटी म्हटलं, पुढच्या शनिवारी पाच वाजता खेळ आहे. हे म्हणायला नको होतं.

१४ मार्च

नालोंगोला विचारलं, कोण कोण गेलं? ती शेगडीजवळ बसली आणि सांगत गेली. जज्जा तेओपिस्ता. मला माहीतच नव्हतं! मला वाटलं होतं ती गावी राहते आता. इस्पितळात मुकवायाच्या खाटेच्या दोन्ही बाजूंचे. मंडईतल्या आग्नेसचा मुलगा. बोलत राहिली, आणि मी तिला थांबवलं नाही. आपल्याकडे माणूस गेलं की घर भरतं, बायका हंबरडा फोडतात, आग पेटवून सगळे जागतात, झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून नेतात. यातल्या एकालाही ते मिळालं नाही. मग मी या लोकांच्या तोंडावर "गेला! गेला!" ओरडत होतो आणि शेंगदाणे मागत होतो.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगत होते. तुम्ही वाऱ्याशी भांडत होता."

ठीक आहे. आता नावं बंद. वीस वर्षांचा माझा हातखंडा बंद. पण हॉल बंद नाही. बिननावाचा सिनेमा सांगेन, पण असा सांगेन की डाम्बाच्या दुकानातला माझा आवाज लाजेल.

१९ मार्च

पुलाचा सिनेमा लावला. हॉल अर्धाच, पण मुकवाया आला होता, आणि नाकिट्टोही. मी "आज कोणाला मारू" म्हटलं नाही. म्हाताऱ्या शिपायांना मी पहिला, दुसरा, दाढीवाला, टोपीवाला असं म्हणत राहिलो. सांगताना मलाच झोप येत होती. कोणी उठलं नाही, पण बसल्यासारखंही बसलं नव्हतं. दोघे-तिघे मोबाईल काढून बसले होते.

मग टोपीवाला शिपाई पुलाच्या मधोमध जायला निघतो. सगळ्यांना माहीत आहे, तो पुढे मरतो. तेवढ्यात नाकिट्टो उठून उभी राहिली. "सालोंगो, त्याला नाव नाही का?"

मी प्रोजेक्टरकडे पाहिलं. तो थांबवायचा की नाही ते कळेना. म्हटलं, "नाही, नाकिट्टो. आता नावं देत नाही."

"द्या. वालुगेम्बे म्हणा."

मी नको म्हणून हात हलवला. पण बाई हटेना, आणि पडद्यावर तो चालतच होता. मी म्हटलं, "वालुगेम्बे निघाला." कसा निघाला? मोटरसायकलवर पाय टाकतो तसा, उजवा खांदा जरा खाली. हे मी ठरवलं नव्हतं, तोंडातून आलं. मागून कोणीतरी म्हणालं, "हो, तसाच." तो पुलावर पोचला. गोळ्या सुरू झाल्या. त्याला गोळी लागली आणि तो पडला, आणि मी खोटं बोललो. म्हटलं, "वालुगेम्बे जरा आडवा झालाय. दमलाय. आत्ता उठेल."

"नाही!" नाकिट्टो म्हणाली. ओरडली नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "तो उठत नाही. मरू द्या त्याला. पण नीट मरू द्या. मला बघू द्या."

मग मी सांगितलं. सिनेमात पुढे दोन मिनिटं नुसता धूर आहे, त्या धुरात मी सगळं सांगितलं. त्याचं डोकं कोणी मांडीवर घेतलं, पाणी कोणी पाजलं, त्याला आंघोळ कोणी घातली, सालीचं कापड कुठून आणलं, कोणत्या वाटेने नेला, वाटेवर कोणकोण उभं होतं. उभे होते ते सगळे कालेर्वेचे होते, मी बाकांकडे बघून एकेकाचं नाव घेत गेलो आणि ते "आहे" म्हणत गेले. मुकवाया सगळ्यात मोठ्याने म्हणाला. मग नाकिट्टोने हंबरडा फोडला. बाकीच्या बायकांनी तिला साथ दिली आणि पत्रे हलायला लागले. जूनपासून अडकलेलं ते. पोलीस आले नाहीत.

पुढचा सिनेमा कोणी पाहिला नाही. मी बंद केला आणि कोणी पैसे परत मागितले नाहीत. मी घरी येऊन नालोंगोला म्हटलं, "आजचा खेळ पडला. सिनेमा अर्धवट राहिला, लोक रडून गेले. पुढच्या शनिवारी काहीतरी विनोदी लावतो."

ती म्हणाली, "त्या पुलाला हात लावायचा नाही. तोच लावायचा."

२३ मार्च

काहीतरी विचित्र चाललंय. आज रस्त्यात आग्नेसने मला थांबवलं आणि हळूच कानात तिच्या मुलाचं नाव सांगितलं. "तो पोहायचा छान," म्हणाली. मुकवायाने तीन नावं सांगितली. डाम्बाने दुकानाचं शटर अर्धं ओढून एक सांगितलं, त्याच्या बहिणीचं. म्हटलं, पुलावर बाई नाही रे. तो म्हणाला, "तुम्ही सांगाल तर असेल."

सट्टेवाल्यांनी हाजींकडे आगाऊ पैसे देऊन माणूस पाठवलाय म्हणतात. पाठवू दे. अजून मार्च संपलेला नाही.

२७ मार्च, रविवार

कालचं आज लिहितोय.

बाक जवळ सरकवले, तेही मी नाही, लोकांनी. आले तसे स्वतःच ओढून चिकटवले. लांब बसायला कोणी तयार होईना. हात धुवून आत येत होते, पाण्याचा जेरीकॅन मला दोनदा भरावा लागला. खिडक्यांच्या बाहेरही लोक उभे होते. मी आयुष्यात इतका भरलेला हॉल पाहिला नाही. ज्यांच्या घरात मोबाईल आहे, मोबाईलमध्ये हाच सिनेमा आहे, आणि सिनेमात माझाच आवाज आहे, ते सगळे इथे दाटीवाटीने बसले होते. मला अजूनही नीट कळलेलं नाही, पण धंद्याच्या माणसाने गर्दीला कारण विचारू नये.

सुरू करणार तेवढ्यात हाजी कायोंगो आले. मला वाटलं, मोजायला आले. गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले, छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि कानाशी वाकून म्हणाले, "झाम. माझी धाकटी बेगम. पुलावर नको. गावातून जी माणसं सुखरूप बाहेर पडतात ना, त्यात असू दे."

"हॉलचं काय, हाजी?"

"हॉलचं काय? तू बोल." आणि मुकवायाने सरकून दिलेल्या जागेवर बसले.

मी सांगायला लागलो. जज्जा तेओपिस्ता पुलाच्या तोंडाशी केळी घेऊन बसली होती आणि शत्रूला भाव कमी करून देत नव्हती, त्यावर लोक हसले! खरंच हसले, डोळे पुसत हसले. आग्नेसचा मुलगा नदी पोहून गेला. वालुगेम्बे पुन्हा निघाला आणि या वेळी नाकिट्टोनेच सांगितलं, "खांदा आणखी खाली." डाम्बाची बहीण धुरात कुठेतरी होती, त्याला दिसली म्हणाला. झाम बेगम पहिल्या गाडीतून सुखरूप निघाली. मी प्रत्येकाला पोचवलं. माझा आवाज असा कधी लागला नव्हता.

शेवटी पुलावर एकच उरतो. जाडा, टक्कल पडलेला, सुरुंगाची वात पेटवायला थांबलेला. बाकीचे त्याला "चल" म्हणतात आणि तो हात हलवून "पुढे व्हा" म्हणतो. मी "टक्कलवाला" म्हणून बोलायला सुरुवात केली.

दारातून आवाज आला, "त्याला नाव नाही का?" नालोंगो होती. शेगडी सोडून आत आली होती, हाताला पीठ.

मी म्हटलं, "या एकाला राहू दे."

"नाव घ्या, सालोंगो. आठ महिने झाले, घरात तुम्ही ते शिव्या देताना सोडून घेतलेलं नाही."

मी माईक तोंडाशी धरला. "किराबिरा," म्हटलं. पुढचं वाक्य मला पाठ आहे, मीच केलंय, हजार मोबाईलवर वाजतं. ते आलंच नाही. मी किराबिराला शेवटचा पाहिला तो इस्पितळाच्या फाटकाबाहेरून. तो खिडकीत होता, धाप लागलेली, आणि मला हातानेच जा म्हणत होता, इथे उभा राहू नकोस. आणि मी गेलो. घरी जाऊन डाम्बाच्या एका सिनेमाचं काम पुरं केलं. माझा मित्र होता तो. त्याच्याइतकं मला कोणी हसवलं नाही आणि माझ्यावर त्याच्याइतकं कोणी हसलं नाही. मला त्याची फार आठवण येते.

पडद्यावर तो वात पेटवत होता आणि हॉलमध्ये नुसता जनरेटर. मग पहिल्या बाकावरून मुकवायाने माझं वाक्य म्हटलं. जसंच्या तसं, माझ्या हेलासकट: "काडी ओली आहे, पण बोटं सुकी आहेत." त्याचं पुढचं नाकिट्टोने म्हटलं. त्याचं पुढचं मागच्या तीन बाकांनी मिळून. सगळ्यांना पाठ होतं! दोन वर्षं घराघरात बसून, भाजी ढवळता ढवळता, यांनी माझा शब्द न् शब्द पाठ केला होता. फक्त जिथे मी "तो" म्हटलं होतं तिथे आख्खा हॉल "किराबिरा" म्हणत होता. किराबिरा उठला. किराबिराने मागे पाहिलं. किराबिरा म्हणाला, पुढे व्हा.

मी माईक ठेवला, दारातून येऊन बाकावर बसलेल्या नालोंगोच्या बाजूला जागा होती तिथे जाऊन बसलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा सिनेमा बघितला.